एका स्कूटरवरचे दोन पक्ष

माझे वडील वर्ध्यात कापडाचं दुकान चालवायचे, पण दुकानापेक्षा भाषणांसाठी लोक त्यांना जास्त ओळखत. कुणाचा निरोप समारंभ असो, शाळेचं गॅदरिंग असो, गणपतीतली व्याख्यानं असोत, माइक शेवटी बाबांच्या हातात यायचा. दुकानात गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवतानासुद्धा ते अशा आवाजात बोलायचे की शेजारचा दुकानदार मान वळवून बघायचा.

बाबांच्या बरोबरीनं बोलू शकणारा एकच माणूस आमच्या ओळखीत होता. तो त्यांचा शाळेपासूनचा मित्र. दोघं एकाच बाकावर बसलेले. आजोबांनी बाबांना मॅट्रिकनंतर गादीवर बसवलं, आणि मित्र पुढे शिकत गेला, एम. ए. झाला, आमच्याच गावच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागला. त्याच कॉलेजात मी बी. ए. करत होते. घरी मी त्यांना काका म्हणायची आणि वर्गात सर. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे दुकानदार. काकांचं घर बौद्ध, त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. या गोष्टीचा आमच्या घरी उल्लेख होई तो फक्त त्या दोघांच्या भांडणात, आणि ती भांडणं ऐकताना आई हसत हसत पोळ्या लाटत असे.

नव्वदीच्या सुरुवातीला त्यांना भांडायला एक मोठा विषय मिळाला. देशोदेशींच्या व्यापाराचे नियम ठरवणारा एक जागतिक करार होता. भारत त्यात जुनाच सभासद, पण आता नवे, कडक नियम येणार होते. बियाणं, औषधं, कापड, सगळ्यांत. सही करू नका, देशानं त्यातून बाहेर पडावं, असं म्हणणारे एका बाजूला होते. बाहेर पडलो तर एकटे पडू, आत राहूनच भांडा, असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. वर्तमानपत्रं रोज त्यानं भरलेली असत. बाबा पहिल्या बाजूचे. काका दुसऱ्या.

"घर आपलं, आणि सोफा कुठे ठेवाचा ते परदेशातला माणूस सांगन काय?" बाबा म्हणायचे.

"तू घरातच बसून राह्य मग," काका म्हणायचे. "बाहेर जाऊन कापूस कोणाले इकशीन? एकेका देशाच्या दारात एकटा जाऊन उभा राह्यशीन? तिथं तुले कोणी खुर्ची तरी देईन काय?"

दुकानात सुरू झालेलं हे भांडण ऐकायला लोक जमू लागले. मग करारविरोधी समितीच्या एका कार्यकर्त्याच्या डोक्यात आलं की ह्या दोघांना एकाच स्टेजवर बोलवावं. समितीला स्वतःचा ठराव पास करून हवा होता, आणि समोर दुसरी बाजू असली की सभेला रंग चढतो. काकांना त्याचं काही वाटलं नाही. "माह्यं म्हणणं ऐकू तर येईन लोकायले," ते म्हणाले.

असा तो हिवाळा गेला. सुटीच्या दिवशी बाबा स्कूटर काढायचे, सिंदी मेघेला जाऊन काकांना मागे बसवायचे, आणि दोघं कुठल्या तरी गावी जायचे. तिथं तास-दीड तास एकमेकांवर तुटून पडायचे, ठराव बहुतेक वेळा बाबांच्या बाजूनं व्हायचा, आणि दोघं पुन्हा एकाच स्कूटरवर परत. लोकांना ह्याचं फार नवल वाटे. एका गावात म्हातारी बाई म्हणाली म्हणे, "एवढे भांडले, आन आता एकाच गाडीवर कसे बसले बापा हे?" बाबा हे घरी येऊन चार वेळा सांगत.

हिंगणीच्या सभेला मीही गेले. माझी एक मैत्रीण तिथलीच होती, तिच्या घरी जेवून आम्ही दोघी सभेला आलो. शाळेसमोरच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या, बाजाराचा दिवस असल्यानं गर्दी बरी होती. काका आधी बोलले. ते वर्गात बोलायचे त्यापेक्षा इथं फार वेगळं बोलत. त्यांचा शेवटचा मुद्दा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"बाहेर असणं काय असते, हे ज्याले गावानं बाहेर ठेवलं त्याले विचारा," ते म्हणाले. "नियम आतमध्ये बसून बनतात. बाहेरच्यानं ते फक्त पाळायचे असतात. नियम वाईट आहेत, मान्य. पण ज्या खोलीत ते बनतात त्या खोलीतली आपली खुर्ची आपल्या हातानं सोडू नका."

पटांगण शांत झालं. मी बाबांकडे पाहिलं, आणि मला दिसलं की ते अस्वस्थ झालेत. इतक्या सभांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं असावं की हे गाव काकांच्या बाजूनं जाईल.

बाबा उठले. थोडं इकडचं-तिकडचं बोलून त्यांनी काकांकडे हात केला. "माह्या दोस्ताले बाहेर पडाची मोठी भीती वाटून राह्यली. अरे, तुह्या बापानं तर छप्पन साली अख्खा धर्म सोडला, मांगं वळून नाई पाह्यलं! आन तू एक करार सोडाले भिते?"

हे वाक्य मी आमच्या स्वयंपाकघरात कितीतरी वेळा ऐकलं होतं. तिथं काका लगेच म्हणायचे, "तो आम्ही बरोबरीसाठी सोडला, तू कशासाठी सोडतं ते सांग," आणि दोघं हसायचे. हिंगणीत आधी लोक हसले, टाळ्या पडल्या. स्वयंपाकघरातलं हसणं ते नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "सोडून जाणाऱ्यायले काय विचारता!" दुसरा म्हणाला, "यायले काय देशाचं! जा म्हणा तिकडंच!" मग शिट्ट्या. पटांगणाच्या डाव्या बाजूला बौद्धपुऱ्यातली माणसं बसली होती. त्यांतले काही उठून चालू लागले.

काका उत्तर द्यायला उभे राहिले. त्यांनी हात वर केला, थांबले, पुन्हा तोंड उघडलं. शिट्ट्या थांबल्या नाहीत. माइक बाबांच्या हातात होता. ते एक शब्द बोलले असते तर पटांगण गप्प झालं असतं, तेवढी त्यांच्या आवाजाची पत होती. पण बाबांच्या चेहऱ्यावर अजून टाळ्यांचं हसू होतं. ते उतरायला वेळ लागला, आणि तेवढ्यात काका खाली बसले. सरपंचांनी घाईघाईनं हात वर करायला सांगितले. देशानं करारातून बाहेर पडावं, असा ठराव हिंगणी गावानं मंजूर केला.

सभेनंतर काका स्कूटरजवळ गेले नाहीत. "मी बसनं येतो," एवढंच बाबांना म्हणाले आणि स्टँडकडे चालू लागले. मलाही बसनंच जायचं होतं. आम्ही एकाच सीटवर बसलो. खिडकीतून मला दिसलं, बाबा स्कूटर धरून तसेच उभे होते, किक न मारता.

वाटेत सेलूला बस थांबली. मग मीच म्हणाले, "काका, बाबांना तसं म्हणायचं नव्हतं."

"मले माहीत आहे त्याले काय म्हणाचं होतं," ते म्हणाले. "आम्ही ते हजार वेळा म्हटलं. पण ते आमच्या दोघायचं होतं. त्यानं ते वाटून टाकलं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुझी ट्युटोरियल लिहून झाली काय?" मी हो म्हणाले. झाली नव्हती.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. आईनं कारण विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता. आई ताट उचलता उचलता थांबली. "अहो, ते घरात बोलाचं होतं," ती म्हणाली. "घरातलं तुम्ही बाजारात कायले नेलं?"

दुसऱ्या दिवशी बाबा सिंदी मेघेला गेले. काकूंनी चहा दिला. काका समोर बसले, कॉलेजचं बोलले, पाण्याच्या टँकरचं बोलले. बाबा म्हणाले, "माह्यं चुकलं गा." काका म्हणाले, "राग नाई माह्या मनात." आणि पुन्हा टँकरचं बोलू लागले. बाबा घरी येऊन म्हणाले, "त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

पुढचे कित्येक दिवस बाबा दुकानात कापड मोजायचा मीटर हातात धरून नुसते बसलेले दिसायचे. गिऱ्हाईक रंग विचारी तेव्हा ते दचकत. समितीची माणसं येऊन पुढच्या सभांचं विचारायची, ते टाळायचे. मी कॉलेजात सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसू लागले. तोवर मी त्यांना घरीही सरच म्हणायला लागले होते, म्हणजे ते घरी आले असते तर म्हटलं असतं. ते येतच नव्हते.

तेव्हा मी वीस वर्षांची होते, आणि कुठली गोष्ट बरोबर आहे हे मला पटकन कळतं असं मला वाटे. वर्ध्यात समितीची मोठी सभा ठरली. जिल्हाभरातून लोक येणार होते आणि मुख्य वक्ते म्हणून बाबांनाच पाहिजे होतं. बाबा नाही म्हणत होते. मी दुकानात जाऊन त्यांच्यासमोर गादीवर बसले.

"बाबा, जा तुम्ही," मी म्हणाले. "घरी जाऊन चहा पिऊन माफी मागता येत नाही. तुम्ही माइकवर बोलला होता ना? मग माइकवरच परत घ्या. सगळ्यांसमोर."

बाबांनी हातातला मीटर खाली ठेवला. "तुले असं वाटते?"

"हो."

"त्याले बरं वाटन?"

"का नाही वाटणार?"

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा मोकळा झाला. माझं मलाच कौतुक वाटलं.

सभेला मी आईबरोबर पुढच्या रांगेत होते. सर आले नव्हते. बाबा माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले की आज ते करारावर बोलणार नाहीत. मग त्यांनी हिंगणीची गोष्ट सांगितली. आपण काय म्हणालो, लोक काय ओरडले, आपण कसे हसत उभे राहिलो, सगळं. मित्राचं नाव घेऊन सांगितलं, त्याचे वडील, त्यांची दीक्षा, शाळेतला बाक. "देशानं कोठून बाहेर पडावं ते तुम्ही ठरवा," ते म्हणाले, "पण मी एका माणसाच्या मनातून बाहेर पडलो, आणि मले परत आत कसं जाव ते कळून नाई राह्यलं." माझ्या शेजारची बाई पदरानं डोळे पुसत होती. बाबांनी हात जोडले आणि लोक उभे राहिले. बाबांना आयुष्यात मिळालेल्या त्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या होत्या. मीही वाजवल्या.

दोन-तीन दिवसांत गावात दुसरा विषय नव्हता. कॉलेजात इतर प्राध्यापक सरांना थांबवून विचारत होते, "सर, तुमच्यासोबत असं झालं? आम्हाला माहीतच नव्हतं." शिपाई हळहळला. वर्गातली मुलं सर आत आले की गप्प होऊन त्यांच्याकडे एका विशिष्ट नजरेनं बघू लागली. मी मागच्या बाकावरून ते रोज बघत होते.

शेवटी मी सिंदी मेघेला त्यांच्या घरी गेले. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बसायला सांगितलं.

"हिंगणीत किती लोक होते?" ते म्हणाले. "एक गाव. ते विसरलेही असते. आता साऱ्या जिल्ह्याले माहीत झालं का मले कोणी काय म्हटलं. लोक माह्याशी दबक्या आवाजात बोलतात, घरात मयत झाल्यासारखे." मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. "बेइज्जती माही झाली, आन त्याच्यावरही टाळ्या त्यालेच भेटल्या."

मला रडू आलं. "सर, मीच त्यांना सांगितलं होतं तसं करायला."

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "तू चांगल्या मनानंच सांगितलं असशीन," ते म्हणाले. "त्यानंही चांगल्या मनानंच केलं. मी कोणाले काय म्हणू मग?"

घरी बाबा दारातच उभे होते. "काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाले," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली आणि आत गेले. त्यानंतर ते कधी कुठल्या स्टेजवर चढले नाहीत. गणपतीची मंडळं येत, ते घसा बसला आहे म्हणून सांगत. वर्षानुवर्षं त्यांचा घसा बसलेला होता.

देश काही बाहेर पडला नाही. सही झाली, समिती पांगली, लोक विसरले. सर चंद्रपूरकडच्या एका कॉलेजात प्राचार्य होऊन गेले. त्यांना बढती मिळाली, हे खरंच होतं. पण ते आमच्यामुळे गेले, असं बाबांच्या मनानं घेतलं, आणि माझ्याही. माझं लग्न हिंगणघाटला झालं. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मी अर्थशास्त्रच शिकवू लागले. पाठ्यपुस्तकात त्या कराराचा धडा आहे. त्याचे फायदे आणि तोटे मुलांना दोन रकान्यांत लिहून देताना दर वर्षी माझा हात अडखळतो, आणि मुलांना वाटतं बाईंना मुद्दे आठवत नाहीत.

दोन हजारनंतरच्या दशकात सर निवृत्त होऊन सिंदी मेघेला परत आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांनी स्वतः दुकानात फोन केला. बाबांनी तो फोन मला शब्द न् शब्द सांगितला. "येजो," सर म्हणाले होते. "पण माइकजवळ जाऊ नको." आणि हसले होते. बाबांनी मला विचारलं, "हसला म्हणजे कसा हसला असन?" मला कसं कळणार?

लग्नात बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, मग पाहुण्यांना दोन शब्द बोलायला बोलावू लागले. निवेदन करणाऱ्या मुलाला जुनं काही माहीत नव्हतं. त्यानं बाबांचं नाव पुकारलं, जिल्ह्यातले जुने वक्ते म्हणून. बाबा जागेवरच उभे राहिले, हात जोडले आणि बसले. सर स्टेजवरून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही ओळखता आलं नाही.

जेवणाच्या वेळी मात्र ते आपलं ताट घेऊन आमच्या शेजारी येऊन बसले. बाबांच्या पानात बुंदी वाढायला सांगितली. मग म्हणाले, "बोल आता. इतके वर्ष झाले आत राहून. कोणाचं बरोबर होतं?"

"तुह्यंच," बाबा म्हणाले.

"कशावरून?"

"तू म्हणत होता ना, आत राह्यलं का बोलता येते. बोलून राह्यले आपले लोक तिथं."

"अबे, पण बियाण्याचं? तू म्हणत होता बियाणं कंपन्यायच्या हातात जाईन. कापूसवाल्यायले विचार आता, गेलं का नाई? तुह्या दुकानात बाहेरचं कापड आलं का नाई? मग माह्यं कसं बरोबर?"

"नाई गा, तुह्यंच बरोबर होतं."

सरांनी हातातला घास खाली ठेवला. "असं नको करू," ते हळू आवाजात म्हणाले. "चंद्रपुरात मले सारे होच म्हणत होते. प्राचार्य होतो मी. इथं येताना वाटलं, आता एक माणूस तरी भांडन. तू काऊन मान खाली घालून बसला?"

बाबांनी मान वर केली आणि पुन्हा म्हणाले, "माह्यं चुकलं होतं गा."

"ते मी कवाचंच सोडलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज चिडका झाला होता. "तू काऊन धरून बसला?"

घरी परतताना मी बाबांना म्हणाले, "भांडायचं ना तुम्ही. त्यांना तेच पाहिजे होतं."

"मले समजते," बाबा म्हणाले. "पण तोंड उघडलं का ते हिंगणीचं हसणं ऐकू येते मले. कोणता शब्द कोठे जाऊन लागन, कोण सांगाव?" एकदा सल्ला देऊन झाला होता माझा.

त्यानंतर त्यांचं येणं-जाणं सुरू झालं, हे मात्र खरं. आठवड्यातून एकदा सर दुकानात येत, दोघं रेल्वे स्टेशनपर्यंत फिरून येत. मी माहेरी असले की कधी त्यांच्याबरोबर जायची. सर मुद्दाम काहीतरी उकरून काढायचे. स्वतंत्र विदर्भ, शाळेतलं इंग्रजी, एकदा तर चहात आलं आधी टाकावं की नंतर. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, हो, तुझं बरोबर आहे. मग दोघं रक्तदाबाच्या गोळ्यांवर बोलायचे. फार सभ्य, एकमेकांना जपून बोलणारी दोन म्हातारी माणसं.

एकदा बाबा पुढे पान घ्यायला गेले होते. सर आणि मी टपरीपासून थोडं अलीकडे थांबलो.

"तुझे बाबा फार चांगले झाले आता," सर म्हणाले.

ते कौतुक नव्हतं, हे मला कळत होतं. मी हो म्हणाले, आणि बाबा पान घेऊन येईपर्यंत आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहिलो.